क्लीनर साइडचा पोचा

हायवेवर जमावानं एका ड्रायव्हरला मारलं, ते मी समोर उभी राहून पाहिलंय. माझ्या पिशवीत सुके बोंबील होते आणि कथलाची एक कांडी. अंधेरीला पत्रा सांधायचं सामान घ्यायला गेले होते, नवरा सोबत होता. ट्रकनं एका स्कूटरवाल्याला उडवलं होतं. ड्रायव्हर पळायला गेला तर लोकांनी त्याला पायांना धरून दरवाजातून खाली ओढला. आधी चपलांनी मारला, मग लाथांनी, मग कुणीतरी गटारावरची फरशी उचलून आणली. फरशी दोनदा पडली. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला.

माझा नवरा ट्रक ड्रायव्हरच. त्यानं अंगातला ड्रायव्हरचा खाकी शर्ट काढला, घडी केली आणि माझ्या पिशवीत बोंबलांवर ठेवला. नुसत्या गंजीवर उभा राहिला. मग लोकांनी ट्रक पेटवला. मी रंगाकडं बघत होते. रंग आधी पुरीसारखा फुगतो, मग फुटतो. टायर सगळ्यात शेवटी पेटतात. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "गाडी कुणाला लागली तर थांबायचं नाही. सरळ पोलीस चौकी गाठायची."

मी म्हटलं, "आणि चौकी लांब असली तर?"

"शर्ट धू. बोंबलाचा वास मारतोय."

हे ऐंशी साल उलटल्यानंतरचं. आम्ही दहिसरला राहायचो, दगडाच्या खदाणीखाली चाळीत. दुपारी सुरुंग लागायचे. आधी शिट्टी व्हायची, मग जमीन हलायची, मग फळीवरची भांडी खाली यायची. एकदा बोराएवढा नव्हे, चांगला नारळाएवढा दगड शेजारणीच्या कौलातून आत आला आणि तिची कोंबडी मेली. तिनं कोंबडी शिजवली आणि मुकादमाला शिव्या देत खाल्ली. नवरा त्या खदाणीची खडी वाहायचा. खदाणीच्या सगळ्या ट्रकांचं तोंड नारिंगी रंगाचं.

माझा बाप पत्र्याचं काम करायचा. रॉकेलची नरसाळी, तेलाची मापं, डब्यांची झाकणं. चौथीनंतर मला शाळेतून काढलं आणि त्याच्या शेजारी बसवलं. पत्रा कापणं, वाकवणं, कथलानं सांधणं मला येतं. लग्न झाल्यावर ते सुटलं आणि हातांना काही सुचेना. म्हणून मी ट्रक करायला लागले. लहान ट्रक, पण खेळणं नाही. कुणी खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरायचं. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझा एक इंच. मोजपट्टी घेऊन मी नवऱ्याच्या ट्रकाखाली शिरायची आणि स्प्रिंगचे पाटेसुद्धा मोजायची. बॉनेट गोड्या तेलाच्या डब्याचं, फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, चहाच्या डब्याचे, आस सायकलच्या तारेचा. टायर जुन्या रबरी चपलेतून ब्लेडनं गोल कापायचे आणि तापल्या सुईनं त्यांच्यावर नक्षी ओढायची. काच म्हणजे कुणाच्या तरी छातीचा एक्सरे, सोड्यात धुऊन साफ केलेला. हेडलाइटला ब्लाउजची दाबायची बटणं. सीट नवऱ्याच्या त्याच खाकी शर्टाची, कारण तो शर्ट त्यानं परत कधी घातला नाही.

पोर नाही म्हणून गाड्या करते, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या. पोरं झाली होती, दोन, राहिली नाहीत. त्याचा गाड्यांशी काही संबंध नाही.

नवऱ्याच्या ट्रकाची गाडी मला सगळ्यात चांगली साधली. ती पेटीवर ठेवलेली असायची. खऱ्या गाडीला काही लागलं की लहान गाडीला तेच लागलं पाहिजे, असा आमच्यात रिवाज पडला होता. आरसा तुटला, आरसा तोडायची. फाळक्याला दगड लागून रंग उडाला, तिथला रंग टाचणीनं खरवडायची. संध्याकाळी नवरा हात धुता धुता सांगायचा, "आज बंपर उजवीकडं वाकला गं. करून टाक." त्याला त्याचं कौतुक होतं. दुसऱ्या ड्रायव्हरांना घरी आणून दाखवायचा. दसऱ्याला गाड्यांची पूजा व्हायची तेव्हा माझी गाडी त्याच्या बॉनेटवर ठेवायचे, दोन्हींना झेंडूचा हार. खदाणीचे ड्रायव्हर आधी लहान गाडी बघायचे, मग मोठी, आणि काय राहिलंय ते शोधायचे. कधी काही राहिलेलं नसायचं.

त्यांच्यातला एक नवऱ्याचा जिवाचा दोस्त. आमच्या घरी जेवायचा, मला वहिनी म्हणायचा. "वहिनी, माझीपण गाडी करा ना. ह्याचीच काय करता, बायको आहात म्हणून?"

"तुझ्या गाडीला एवढे पोचे आहेत, त्यात करायचंय काय? डबा जमिनीवर ठेवते, वरून चार हातोड्या घालते, झाली तुझी गाडी."

"झकास! करा तर. नंबर मी टाकतो."

तो हसायचा तेव्हा त्याच्या तोंडातला भात दिसायचा. त्याच्या ट्रकाच्या डाव्या मडगार्डला, म्हणजे ज्या बाजूला क्लीनर बसतो तिकडं, एक लांब चिरेसारखा पोचा होता. खदाणीच्या फाटकाच्या लोखंडी खांबाला घासून पडलेला, जुना. सगळ्यांना ठाऊक होता.

नवरात्रातली गोष्ट. नवरा घरी आला आणि हात न धुताच जेवायला बसला. गाडीचं काही बोलला नाही. सकाळी मी पाणी भरायला निघाले तेव्हा चाळीसमोरच्या मैदानात ट्रक दिसला. डावं मडगार्ड आत गेलेलं. पुढचा भाग धुतलेला, बाकीची गाडी तशीच खडीच्या धुळीनं भरलेली. मी हंडा खाली ठेवला आणि मोजपट्टी आणायला घरी गेले.

"फाटकाच्या खांबाला लागली," तो अंथरुणातून म्हणाला. "माझं अंग दुखतंय, ताप आहे, मी आज जात नाही." आणि ट्रकावर ताडपत्री टाकायला उठला. तापातला माणूस ताडपत्री टाकायला कशाला उठेल?

पण तोवर मी माप घेतलं होतं. दुपारी लहान गाडीचं मडगार्ड सोडवलं आणि पोचा करायला बसले. खांबाचा पोचा करायचा तर पत्रा छिन्नीच्या कडेवर ठेवून एक ठोका द्यायचा. चीर पडते, पत्र्याला घडी पडते. मी तसा केला. तो खऱ्यासारखा दिसेना. खऱ्या मडगार्डवर घडी कुठंच नव्हती. पत्रा बशीसारखा खोल गेला होता आणि कडा गोल होत्या. मी दुसरा तुकडा कापला, फडक्यात रेती बांधली, पुरचुंडी पत्र्यावर ठेवून वरून लाकडाचा ठोकळा मारला. पत्रा अलगद बसला. तंतोतंत तोच पोचा.

मग माझ्या डोक्यात आलं. पत्रा असा बसतो तो मऊ गोष्टीवर. खांबावर नाही.

मी मडगार्ड सांधून गाडीला लावलं आणि गाडी पेटीवर ठेवली. नवरा उठून बसला, गाडीकडं बघत राहिला.

"हे काय केलंस?"

"तुमच्या गाडीला आहे ते."

"मी सांगितलं ना, खांब होता. घडी कुठाय?"

"तुमच्या गाडीला घडी नाही. कशाला लागली?"

त्यानं खाटेखालून टॉमी काढली. टॉमी म्हणजे चाक खोलायची लोखंडी सळई. त्यानं ती माझ्यावर उगारली नव्हती, गाडीवर उगारली होती. मी गाडीवर हात ठेवला. टॉमी माझ्या बोटावर बसली. डाव्या हाताची करंगळी, अजून वाकडी आहे. स्टोव्हवर डागणी तापत होती, पुढं तांब्याचं टोक असतं ती, कथील वितळवायची. मी ती उचलली आणि त्याच्या दंडावर टेकवली. कातडी भाजल्याचा वास आला आणि तो गुरासारखा ओरडला. आमची मारामारी पहिली नव्हती. लग्नाच्या वर्षापासून तो मला मारायचा आणि मीही त्याला मारायची. माझ्या हाताला हत्यारं जास्त होती. पण त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा अरे म्हटलं.

"अरे, बोल! कुणाला मारलंस?"

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि दंडावर फुंकर घालत बोलला. जोगेश्वरीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं गवताचा भारा चालला होता. त्याला भाराच दिसला. भारा लागला आणि उडाला. आरशात पाहिलं तर रस्त्यावर गवत पसरलं होतं आणि गवतात माणूस होता. शेजारच्या म्हशींच्या तबेल्यातली माणसं धावत येत होती. चौकी पुढं होती, जवळच होती. तो चौकीवरून तसाच पुढं आला.

"थांबला नाहीस ते ठीक," मी म्हटलं. "चौकीवर का नाही गेलास?"

"तू बघितलंस ना फरशी कशी पडली ती? तू होतीस ना तिथं?"

संध्याकाळी आम्ही दोघं एकाच डॉक्टरकडं गेलो. मी म्हटलं बोट दारात सापडलं, तो म्हणाला सायलेन्सरला दंड लागला. डॉक्टरनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि दोघांना एकच गोळी दिली.

गवतवाला मेला. तबेल्यातल्या एकानं ट्रकाचं नारिंगी तोंड पाहिलं होतं आणि डाव्या बाजूनं धक्का लागला हेही पाहिलं होतं. नंबर पाहिला नव्हता. तबेल्याची माणसं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या नारिंगी तोंडाच्या गाडीचं डावं मडगार्ड बघायला लागली. माझ्या नवऱ्याची गाडी ताडपत्रीखाली होती. दोस्ताची रस्त्यावर होती.

त्याला त्याचा जुना पोचा भोवला. चीर आणि बशी यांतला फरक काठी धरलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला खाली ओढला आणि तोंडावर दुधाच्या कॅनचं झाकण मारलं, कडेनं. जबडा दोन जागी तुटला. एक कान फाटून लोंबत होता. बरगड्या किती मोडल्या ते नंतर कळलं. पोलीस आले म्हणून जीव वाचला, आणि पोलिसांनी केसही त्याच्यावरच घातली. हॉस्पिटलात खाटेशेजारी हवालदार बसवला. जबडा तारेनं बांधलेला, त्याला 'मी नव्हतो' एवढंही नीट बोलता येत नव्हतं.

माझा नवरा त्याला भेटायला गेला. केळी घेऊन.

परत आला तेव्हा मी विचारलं, "जबडा बांधलेल्या माणसाला केळी नेलीस?"

"रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार! माझा हात धरला आणि रडला."

मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून उठले आणि त्याच्या कानशिलात मारली. तो उलटून आला नाही. मी म्हटलं, "चौकीवर जा." तो म्हणाला, "जातो, दसरा होऊ दे." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तो ट्रक घेऊन, जोगेश्वरी टाळून, घोडबंदरच्या रस्त्यानं मुलुंडला गेला, तिथल्या एका गॅरेजात मडगार्ड सरळ करून, पुट्टीनं भरून, पुढचं सगळं तोंड नव्यानं रंगवून आणलं. दसऱ्याला सगळेच ट्रक रंगवतात. कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

आता तो पोचा फक्त माझ्या पेटीवर होता.

मी आंघोळीला गेले की तो चमच्याच्या दांड्यानं आतून पोचा वर काढायला बघायचा. त्याला जमलं नाही. पत्र्यावर चमच्याचे ओरखडे उठायचे, मी ते घासून काढायची आणि पोचा होता तसा करून ठेवायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोस्ताची बायको आली. साधी बाई, घरकाम करायची. उंबऱ्यातच बसली. "ताई, हवालदार म्हणतो सही कर, नवऱ्यानं कबूल केलं म्हणून. त्यांना बोलता येत नाही तर कबूल कसं केलं?" मग माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्ही तरी सांगा ना पोलिसांना, तो खांबाचा पोचा आहे. तुम्हाला तर ठाऊक आहे."

नवरा म्हणाला, "सांगतो. दसरा होऊ दे."

ती गेल्यावर तो मला म्हणाला, "उद्या ती गाडी बाहेर न्यायची नाही. मोडली म्हणून सांग. नेलीस तर तंगडी तोडीन." मी म्हटलं, "बरं."

न्याय वगैरे मला कळत नाही. तबेल्याच्या त्या मेलेल्या माणसाला मी ओळखतही नव्हते. पण दोस्त माझ्या हातचं जेवला होता, आणि ह्यानं त्याला केळी नेली होती. आणखी एक गोष्ट होती, ती खोटी कशाला सांगू? माझी गाडी मोडली म्हणून सांगायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

दसऱ्याला मैदानात सगळे ट्रक ओळीनं उभे होते. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचे हार. नारळ फुटत होते. मी पदराखाली गाडी घेऊन गेले आणि नवऱ्याच्या बॉनेटवर ठेवली. तो पलीकडं उदबत्ती लावत होता. त्यानं पाहिलं तोवर चार ड्रायव्हर जमले होते.

एक म्हणाला, "वहिनी, यंदा चुकलात की. एवढा मोठा पोचा कुठनं आणला?"

"मी चुकत नाही," मी म्हटलं. "तुम्ही नीट बघा."

त्यांच्यात एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्यानं लहान गाडीच्या मडगार्डवरून अंगठा फिरवला. मग मोठ्या गाडीच्या ओल्या वासाच्या रंगावर बोटाची पेरं वाजवली. वर वाजवलं, पत्रा खणखणला. खाली वाजवलं, बद्द आवाज आला. भरलेल्या पत्र्याचा आवाज असा येतो. त्यानं परत एकदा वाजवलं.

"कधी पडला रे हा?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

नवरा माझ्याकडं बघत होता.

"ताप आला त्या दिवशी ना?" म्हातारा म्हणाला. "ताडपत्री टाकलीस त्या दिवशी?"

नवरा म्हणाला, "काका, मला भाराच दिसला."

एवढं पुरलं. पहिला नारळ त्याच्या कानावर बसला, फुटला नाही. मग ते सगळे तुटून पडले. तबेल्याची माणसं परकी होती, ही त्याची स्वतःची होती, आणि स्वतःच्या माणसांना कुठं मारायचं ते नेमकं कळतं. झेंडू पायाखाली चिरडत होता. एकानं त्याच्या डागलेल्या दंडावर पाय दिला. तो मला हाका मारत होता. मी ट्रकाला टेकून उभी होते. मधेच एकानं केबिनमधून टॉमी काढली तेव्हा मी पुढं झाले.

"टॉमी ठेव खाली. हातानं मारा."

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा."

"ठेव म्हणते ना! पोलिसांना तोंड उघडून सांगायला हा जिवंत लागेल."

त्यानं टॉमी ठेवली. त्यांनी नवऱ्याला उचलून त्याच्याच ट्रकात घातला, हार तसाच बॉनेटवर, आणि चौकीवर नेला. मी माझी गाडी काखेत घेऊन मागून चालत गेले. साहेबानं ती टेबलावरून बाजूला सरकवली. तिची गरज पडली नाही. नवऱ्यानं सगळं स्वतःच सांगितलं, भारा, आरसा, मुलुंडचं गॅरेज. तबेल्याचे लोक बाहेर जमायच्या आत त्याला दुसऱ्या चौकीवर हलवला. म्हणजे जे तो पहिल्याच दिवशी करू शकला असता तेच झालं.

तो तुरुंगात गेला. मी एका कारखान्यात डब्यांना झाकणं ठोकायला लागले. दोस्ताची केस सुटली, पण त्याला एका कानानं ऐकू येईना आणि जबडा नीट मिटेना. ट्रक परत चालवला नाही, बोरिवलीला विडी-सिगारेटची टपरी टाकली. एकदा माझ्याकडं आला आणि बराच वेळ पेटीकडं बघत बसला.

"वहिनी, माझी गाडी करता का आता?" तोंड वाकडं करून, थुंकी सांभाळत बोलायचा.

मी केली. बाकी सगळं झाल्यावर मडगार्ड छिन्नीच्या कडेवर ठेवलं आणि एक ठोका दिला. चीर पडली. त्यानं नखानं ती चाचपली. "हाच," म्हणाला. घरी मात्र नेली नाही. "बायको फोडेल. तिला ट्रक बघवत नाही. तुमच्याकडंच असू द्या." म्हणून ती पेटीवर नवऱ्याच्या गाडीशेजारी ठेवली.

नवरा सुटून आला तो दिवस दोस्ताला ठाऊक होता. तो टपरी बंद करून, काठी घेऊन आला. नवरा जमिनीवर चहा पीत बसला होता. दोस्तानं काठी दोन्ही हातांत धरून त्याच्या तोंडावर मारली. कप फुटला. नवऱ्यानं चहाबरोबर दोन दात हातात थुंकले आणि तिथंच बसून राहिला. दोस्तानं काठी परत उचलली. मग कोपऱ्यात टेकवली आणि त्याच्यासमोर खाली बसला. त्याला दम लागला होता.

नवऱ्यानं वर पेटीकडं पाहिलं. "त्याची केलीस?"

"केली."

"चांगली झालीय," तो रक्त पुसत म्हणाला. दोस्त म्हणाला, "तुझ्यापेक्षा चांगली."

मी भात लावला होता तो उतरवला. दोघांनाही घास चावता येणार नव्हता. भातात पाणी घातलं, परत स्टोव्हवर ठेवला, पेज केली, दोन वाडग्यांत वाढली आणि मीठ मधे ठेवलं.